तेवीस अंक आणि एक मासळी बाजार

पनवेल स्टेशनच्या बाहेर एक गृहस्थ छातीशी पुठ्ठा धरून उभे होते. त्यावर निळ्या स्केचपेनने ठळक लिहिलं होतं, ‘शाईचा डाग’. येणारे-जाणारे ते वाचून पुढे जात आणि पुन्हा वळून बघत. एका बाईंनी तर थांबून विचारलंही, “हा डाग जायचं औषध आहे का तुमच्याकडे?” मी चार पावलांवर उभी होते आणि पुढे व्हायचा धीर होत नव्हता, कारण शाईचा डाग म्हणजे मी.

शेवटी गेले. म्हटलं, “मीच ती.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुठ्ठ्याकडे पाहिलं. “तुमी? तुमी बाई हाय?”

“हो.”

“आमी दोन वर्सं समजत होतो, कोनीतरी रिटायर मास्तर असल,” ते म्हणाले आणि इतके मनापासून हसले की मलाही हसू फुटलं. खरं तर माझीही तीच गत झाली होती. हे होते ‘मिठागर’. नेटवर इतकं शुद्ध, इतकं तावातावाने लिहायचे की मी त्यांना कॉलेजातला एखादा भांडखोर मुलगा समजत होते. प्रत्यक्षात पंचावन्नच्या आसपासचे, पांढऱ्या मिशांचे, हार्डवेअरचं दुकान असलेले हरेश्वर पाटील. वाडवडिलांची मिठागरं होती, म्हणून ते नाव.

हे सगळं काय आहे, ते आधी सांगते. नाहीतर हिंगोलीची एक बाई दोन दिवसांसाठी पनवेलला का गेली, हे कळायचं नाही. माझ्या नवऱ्यालाही ते नीट कळलेलं नव्हतं.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. अकरा वर्षांची असताना विषमज्वराने महिनाभर अंथरुणाला खिळले होते, तेव्हा वडिलांनी नांदेडच्या बसस्टँडवरून एक चित्रकथा आणली. ‘सुभान सारंग’ तिचं नाव. समुद्रावर वाढलेल्या एका पोराची गोष्ट. वादळं, बुडालेली गलबतं, दीपगृहातली कैद. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर आणि फार तर पुरातली कयाधू नदी. समुद्र मी त्या चौकटींतच पाहिला. वडील नांदेडला गेले की मिळेल तो अंक आणत. असे चार अंक जमले आणि मग ती चित्रकथा निघायचीच बंद झाली. शाळेत विचारलं, मैत्रिणींना विचारलं, पुढे सासरी विचारलं. कुणी नावही ऐकलं नव्हतं. आपल्याला एखादी गोष्ट फार आवडावी आणि ती आवडणारं दुसरं कुणीच भेटू नये, याची माणसाला सवय होऊन जाते. मला झाली होती.

लॅबमध्ये रिपोर्ट ई-मेलने पाठवायचे म्हणून नेट आलं. एका दुपारी काम नव्हतं, तेव्हा सहज मराठीत टाईप केलं, ‘सुभान सारंग’. एकच पान उघडलं. चित्रकथा वाचणाऱ्यांचा एक फोरम होता. तिथे आठ महिन्यांपूर्वी कुणीतरी विचारलं होतं, ‘सुभानचा सतरावा अंक कुणी डोळ्यांनी पाहिला आहे का?’ खाली अकरा जण भांडत होते. सतरावा निघालाच नाही, असं मिठागर यांचं ठाम मत होतं.

सतरावा अंक माझ्या ट्रंकेत साड्यांखाली होता. मी लिहिलं, ‘आहे. माझ्याकडे आहे.’ खुर्चीवरून उठून पाणी प्यायले, परत आले, तर तेवढ्यात सहा उत्तरं आली होती. त्या दिवसापासून मी एकटी नव्हते.

पुढे दोन वर्षं लिहिणं चाललं आणि मग ठरलं, भेटायचं. ज्याच्याकडे जे अंक असतील ते त्याने आणायचे, सगळे शेजारी शेजारी मांडायचे आणि स्कॅन करून ज्याला हवेत त्याला द्यायचे. पुण्याहून, कोकणातून, आमच्या नांदेडकडूनही गाड्या येतात म्हणून पनवेल. आणि मिठागरांनी लिहिलं, ‘विचुंब्याला माझं घर आहे. वरचा मजला रिकामा आहे. जेवायला या.’

विचुंबे, शनिवार

पाटीलकाका मोटरसायकल घेऊन आले होते. माझ्याकडे कपड्यांची बॅग आणि अंकांची कापडी पिशवी. त्यांनी मला शेअर रिक्षात बसवलं आणि स्वतः पुढे निघाले. रिक्षात एक मासळीवाली मावशी आधीच बसली होती, पायाशी झाकलेली टोपली. जानेवारीची सकाळ, हवा छान गार होती. दूर कर्नाळ्याचा सुळका अंगठ्यासारखा वर आलेला. एका बाजूला भातखाचरांची कोरडी चौकोनी जमीन, तिच्यातून मधेच सात-सात मजली नव्या इमारती उगवलेल्या. काही इमारतींच्या खालीच जुनी कौलारू घरं, दारात गाडी आणि गाडीशेजारी म्हैस. आमच्याकडे गाव संपतं आणि मग शहर लागतं. इथे दोन्ही एकाच अंगणात राहतात.

काकांच्या दारात पायरीवर पाच-सहा जण उभे होते. रिक्षा थांबताच एक मुलगी धावत आली. “शाईचा डाग? मी चौकट सात.” ही पुण्याची निधी, इंजिनिअरिंगला शिकणारी. स्कॅनर आणि लॅपटॉप पाठीवर घेऊन आली होती. तिच्यामागे कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर काम करणारे एक गृहस्थ, मग आणखी कुणी. सगळे एकमेकांना टोपणनावांनीच हाका मारत होते आणि एकमेकांची मतं तोंडपाठ असल्यासारखे बोलत होते. मी आयुष्यात कधीच न भेटलेल्या माणसांमध्ये होते आणि माहेरी आल्यासारखं वाटत होतं.

वर हॉलमध्ये सतरंजीवर अंक मांडलेले होते. एक ते सोळा, मग एक हात रुंद मोकळी जागा, मग अठरा. पुढेही तीन जागा रिकाम्या होत्या, त्याही माझ्याच. निधीने त्या मोकळ्या जागेवर हात ठेवला आणि म्हणाली, “ताई, आणा.”

मी बॅग उघडली. कपड्यांची. पिशवी नव्हती.

पुढची दोन मिनिटं मला नीट आठवत नाहीत. पिशवी रिक्षात मावशीच्या टोपलीजवळ ठेवली होती आणि दारातली माणसं बघून मी तशीच उतरले होते. पंचवीस वर्षं ट्रंकेत जपलेलं, फोरमवर एकट्या माझ्याकडे असलेलं, मी शेवटच्या पाच किलोमीटरांत घालवलं. कुणी मला काही बोललं नाही. त्यामुळेच जास्त रडू आलं.

पाटीलकाकांच्या पत्नी कुंदाताई पाणी घेऊन आल्या. “रडताव कशाला? आमचा गाव हाय हा. रिक्षा जाऊन जाऊन कुठं जाईल?”

काका रिक्षास्टँडवर गेले. निधीने लॅपटॉपला नेटचा डोंगल जोडला आणि फोरमवर लिहिलं, ‘तातडीचं. सतरावा अंक हरवला.’ खाली सगळी हकिगत, पिशवीचा रंग, रिक्षा कुठून कुठे. मला वाटलं, याने काय होणार? हे सगळे बसलेत सोलापूर, चंद्रपूर, कुवेतला. पण दहा मिनिटांत कुवेतहून ‘वाळवंट’ नावाच्या सभासदाचं उत्तर आलं. त्यांचा चुलतभाऊ नवीन पनवेलला राहतो, त्याला फोन केलाय, तो स्टेशनच्या स्टँडवर निघाला. चंद्रपूरहून एकाने लिहिलं, ‘ताईंना म्हणावं, अंक नाही मिळाला तरी चालेल, त्यांनी जेवून घ्यावं.’

अर्ध्या तासाने चुलतभावाचा फोन आला. चित्रकथा म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हतं, पण रिक्षावाला सापडला होता. त्याने पिशवी पाहिली होती. पायाखाली भिजेल म्हणून मासळीवालीने उचलून आपल्याजवळ ठेवली. ती सकाळी नव्या इमारतींमध्ये दारोदार मासळी विकते आणि दुपारी पनवेलच्या बाजारात बसते.

पनवेलचा मासळी बाजार

आम्ही तिघं गेलो. काका, निधी आणि मी. बाजारात पाऊल टाकलं आणि मी थबकले. आमच्याकडे मासळी म्हणजे आठवडी बाजारात कोपऱ्यात एखादा माणूस, नदीचे मासे घेऊन. इथे ओट्यांच्या रांगाच रांगा, चांदीसारखे ढीग, कोयत्यांचे आवाज आणि बायकांचं राज्य. अंगावर सोनं, केसांत फुलं आणि आवाज असा की गिऱ्हाईकानेच दबकून बोलावं.

ती मला आधी दिसली. गिऱ्हाईक नव्हतं. ओट्याच्या कडेला बसून, हात पदराला कोरडे पुसून, मांडीवर सतरावा अंक उघडून ती बघत होती.

“मावशी,” मी म्हटलं, “ती माझी पिशवी आहे.”

तिने मान वर केली. “बाय, तुझी हाय? घे. रिक्षात टाकून गेलीस. मी म्हनलं, कागद हाय, भिजून जाईल.” मग अंक लगेच परत न देता एका चित्रावर बोट ठेवून म्हणाली, “ह्ये कोनी काडलंय?”

मी सांगितलं, ते कुणालाच माहीत नाही. अंकांवर फक्त ‘कथा व चित्रे : स. का.’ एवढंच छापलेलं असायचं. मुंबईचा तो छोटा छापखाना कधीच बंद पडला. फोरमवर स. का. कोण यावर दोन वर्षं वाद चाललेला. कुणी म्हणे ते कलकत्त्याचे, कुणी म्हणे ते कधीच गेले.

मावशी म्हणाली, “कलकत्त्याचे? नाय नाय. ही होडी बग. म्होरं खून हाय, तीन ठिपके नि मासोली. ही आमच्या करंज्याची खून. दुसऱ्या गावाची अशी नाय. आनि जाळं कसं शिवतो बग, पायाच्या अंगठ्यात दोरा धरून. हे बगितल्याबिगर काडता येत नाय.”

काका खाली वाकले. “मावशी, करंज्यात चित्रं कोन काढतं?”

“एकच की. सदा मास्तर. शालेत चित्रकला शिकवायचे. आमच्या समद्या बोटींवर नावं त्यांनीच रंगवली.”

निधी हळूच म्हणाली, “सदा. स.”

“बापाचं नाव काशिनाथ,” मावशी म्हणाली.

मला विचारायची भीती वाटत होती, तरी विचारलं. “मावशी, ते कधी गेले?”

“कुठं गेले?” तिने माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. “आज पहाटे त्यांच्या सुनंला बोंबील देऊन आले मी. मास्तर ओटीवर चाय पीत होते.”

काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मग कळल्यासारखा पटकन काढून घेतला. मावशीचं नाव हिराबाई. तिने आमच्याकडून पैसे न घेता सहा बांगडे बांधून दिले आणि म्हणाली, “उद्या या. मास्तरांना सांगून ठेवते.”

त्या दुपारी हॉलमध्ये सतरंजीवर एक ते तेवीस अंक सलग मांडले गेले. कुंदाताईंनी तांदळाच्या भाकऱ्या वाढल्या, पांढऱ्या आणि रुमालासारख्या मऊ. मी ज्वारीवर वाढलेली, पहिली भाकरी तर नुसती हातात धरूनच बसले. हिराबाईचा बांगडा मात्र मला खाता येईना. घशात काटा अडकला. चौघांनी चार उपाय सांगितले आणि शेवटी कुंदाताईंनी कोरडा भात गिळायला लावून तो काढला. मग लहान मुलीला शिकवतात तसं काट्याच्या कडेने मासा कसा सोडवायचा ते शिकवलं. निधीचा स्कॅनर तोवर घरघरत होता.

सदा मास्तरांबद्दल फोरमवर लिहायचं का, यावर वाद झाला. वजनकाट्याचे गृहस्थ म्हणाले, आधी त्यांना विचारायला हवं. बरोबर होतं ते. दोन वर्षं एकमेकांना सगळं सांगणारी माणसं, आम्ही त्या संध्याकाळी काहीच लिहिलं नाही. हरवलेला अंक सापडला, एवढंच कळवलं.

करंजा, रविवार

काकांच्या दुकानाची जीप घेऊन आम्ही तेच तिघं निघालो. उरणच्या रस्त्याला बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या ट्रेलरांची रांग. मधेच रस्त्याच्या कडेला भरतीचं पाणी शिरलेलं खाजण आणि त्यात काही मिठागरं उरलेली, उथळ चौकोनी वाफे, पाण्यात आभाळ. काकांनी जीप थांबवली नाही, पण वेग कमी केला. “ही आमची नाय,” ते म्हणाले, “पन अशीच होती.”

मग एका वळणावर घरं संपली आणि समोर समुद्र होता.

मी काका-काका करत जीप थांबवायला लावली. वय वर्षं छत्तीस, आणि पहिल्यांदा. वाटलं होतं निळा असेल. नव्हता, मातकट राखाडी होता. आणि तो मला ओळखीचा वाटला, कारण सुभानच्या अंकात छापखान्याच्या स्वस्त कागदावर तो नेमका असाच राखाडी होता. कागदाचा दोष नव्हता तो. स. का. यांनी खरा रंग दिला होता.

हिराबाई धक्क्यावर वाट बघत होती. बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते आणि त्या वासातून ती आम्हाला एका ठेंगण्या घराच्या ओटीवर घेऊन गेली. सदा मास्तर पंच्याहत्तरीचे, उघड्या अंगावर बंडी, हातात वर्तमानपत्र. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं नाही.

“हिराबाई सांगत होती. पण तुम्हाला पाठवलं कोणी?” शिक्षकाची भाषा, स्वच्छ.

मी पिशवीतून सतरावा अंक काढून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो हातात घेतला नाही. वाकून पाहिला.

“हा कुठून आणला?”

“माझा आहे. अकरा वर्षांची असताना वडिलांनी नांदेडहून आणला होता.”

“अंक नांदेडला जायचा?” त्यांनी विचारलं. “मला सांगितलं होतं, कुठे जात नाही. तेवीस अंक झाल्यावर छापखान्याचे मालक म्हणाले, मास्तर, थांबा आता, हे कुणी वाचत नाही. एकही पत्र आलं नाही कधी. मला पटलं. शाळेतली मुलं वाचायची, पण ती माझी मुलं, मी दिले म्हणून वाचायची. त्यानंतर कागदावर चित्र काढलं नाही. बोटींची नावं रंगवली. ती निदान समुद्रात तरी जातात.”

पत्र आलं नाही, हे खरं असणार. मी तरी कुठे लिहिलं होतं? अकराव्या वर्षी, पाकिटावर तिकीट चिकटवून ‘तुमचा सुभान मला आवडतो’ एवढं लिहिणं मला सुचलंच नाही. प्रत्येकाला वाटलं असेल, बाकीचे लिहीत असतील.

मी तसं त्यांना सांगितलं. माफी मागितल्यासारखंच झालं ते.

निधी लॅपटॉप उघडून बसली होती, पण घरात रेंज येईना. म्हणून आम्ही सगळे, मास्तर, त्यांची सून, हिराबाई, काका, अशी वरात काढून धक्क्याच्या टोकाला गेलो. तिथे एका उलट्या होडीवर लॅपटॉप ठेवला. ऊन पडद्यावर येत होतं म्हणून हिराबाईने आपला पदर वर धरला. त्या सावलीत मास्तरांनी चष्मा लावून वाचायला सुरुवात केली.

स. का. कोण, या वादाची सगळी पानं. मग सुभानने दीपगृहातून उडी मारली तेव्हा पाय कसा मोडला नाही, यावरची भांडणं. सोलापूरच्या एका गिरणी कामगाराने लिहिलेलं, की संप चालू होता तेव्हा पोरांना रोज तोच एक अंक वाचून दाखवायचो, त्यांना पाठ झाला होता. कुणी चौकटीतला समुद्र मोजपट्टीने उतरवून काढला होता आणि फोटो टाकला होता. मास्तर एका ठिकाणी थांबले आणि त्यांनी पडद्यावर बोट टेकलं.

“ही सगळी माणसं आहेत?” त्यांनी विचारलं. “खरी?”

“त्यातला हा मी,” काका म्हणाले.

“ही मी,” निधी म्हणाली. मी माझंही दाखवलं.

मास्तरांनी चष्मा काढला, बंडीच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला. सून म्हणाली, बाबा, उन्हात बसू नका, घरी चला. ते हलले नाहीत. पाऊण तास वाचत राहिले. पाणी चढत होतं, होड्या हळूहळू उचलल्या जात होत्या, हिराबाई हात बदलून बदलून पदर धरत होती.

“मला यात लिहिता येईल?” शेवटी त्यांनी विचारलं.

निधीने त्यांचं नाव नोंदवायला घेतलं. त्यांनी ‘स. का.’ सांगितलं. पडद्यावर आलं, हे नाव आधीच कुणीतरी घेतलं आहे. कुणा चाहत्यानेच. मास्तर पहिल्यांदा हसले. “मग ‘मास्तर’ लिहा,” म्हणाले. तेही घेतलेलं होतं. शेवटी ‘सदा मास्तर’ मिळालं.

आपण कोण हे सांगायचं नाही, असं त्यांनीच ठरवलं. एका बोटाने, अक्षरं शोधत शोधत, त्यांनी लिहिलं, ‘नमस्कार. मी नवीन आहे.’

उत्तर लगेच आलं. ‘वारूळ’ नावाच्या एका सभासदाचं, जो येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला तेच विचारतो. ‘स्वागत आहे. एकटे नाही आहात आता. चित्रकथा कधीपासून वाचता?’

मास्तरांनी ते दोनदा वाचलं. निधीने मदतीला हात पुढे केला, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. पुन्हा एकेक अक्षर शोधू लागले. आम्ही सगळे त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होतो.

‘वाचत नाही,’ त्यांनी लिहिलं. ‘काढतो.’